सातवी सोंगटी

१

अक्षरं सात होती. त्यांतली सहा प्राध्यापकांना आठवत होती: एच, के, टी, ई, सी, आय. सातवं आठवत नव्हतं. ते बारकी फोनवर बोललीच नाही, की ती बोलली आणि त्यांना ऐकू आलं नाही, की ऐकू येऊनही ते विसरले, हे त्यांना छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेल्या माणसाला सातपर्यंत नीट मोजता येऊ नये, याची त्यांना लाज वाटे. स्वतःच्या आठवणीवर त्यांचा तसा कधीच भरवसा नव्हता. दोन डॉक्टरेट मिळवलेला हा गृहस्थ कुलूप लावलं की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येत असे. पण त्या दुपारच्या बाकीच्या गोष्टी मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख होत्या. फोन स्वयंपाकघरातल्या भिंतीवर. गॅसवर दूध. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं.

"बाबा, लिहून घ्या," त्यांची लेक बारकी हॉस्पिटलमधून म्हणाली. आवाज थकलेला होता, पण त्यातली खोडी गेली नव्हती. "माझ्या पट्टीवर सात सोंगट्या आहेत. सातही लागतील असा एकच शब्द हवाय. औषधांनी माझ्या डोक्याचा पार भुसा झालाय, तुम्ही शोधा."

"सांग."

तिने एकेक इंग्रजी अक्षर सावकाश सांगितलं. त्यांनी ते वर्तमानपत्राच्या समासात उतरवलं. शेवटी थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "झालं. सात. आता शब्द शोधा आणि आपल्या पेटीतलं त्याचं कार्ड घेऊन चारला या. फोनवर सांगायचं नाही हं. कार्ड माझ्या हातात हवं."

"सापडलं की निघतोच."

फोन ठेवल्यावर पाहिलं तर समासात सहाच अक्षरं. उलट फोन करून विचारता आलं असतं. तो त्यांनी केला नाही. 'किचन' हा शब्द तर तिथेच, त्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच त्यांच्या मनात आला होता. पण सातवं अक्षर एन नसलं तर? चुकीचं कार्ड घेऊन जायचं?

खरं कारण वेगळं होतं, आणि ते त्यांना त्याही वेळी ठाऊक होतं. सात आठवड्यांत ते हॉस्पिटलात दोनदाच गेले होते. दुसऱ्यांदा चादरीवर पडलेला तिचा हात पाहिला आणि त्यांना बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसावं लागलं. त्यानंतर रोज एक सबब. त्या दिवशी सबब आयतीच हाती आली. एक अक्षर कमी आहे, शब्द शोधणार कसा? दूध उतू गेलं, ते पुसण्यात वेळ गेला. चार वाजले. पाच वाजले. भेटायची वेळ सहापर्यंत होती. ते वर्तमानपत्र पुढ्यात घेऊन बसून राहिले.

सहा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा फोन वाजला. बारकीची आई होती.

"आता या," ती म्हणाली.

२

कार्डांची कल्पना प्राध्यापकांची, पण त्यात जीव ओतला तो बारकीने.

ती नऊ वर्षांची असताना त्यांनी इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ घरात आणला. पटावर चौकटी, पिशवीत अक्षरांच्या सोंगट्या, आणि प्रत्येकाने आपल्या पट्टीवर सात सोंगट्या दुसऱ्याला दिसणार नाहीत अशा उभ्या करायच्या. सातही एका दमात लावल्या की पन्नास गुण जास्तीचे. बारकीला ते पन्नास हवे असत, बाकी कशात तिला रस नव्हता. म्हणून बापलेकीने सातअक्षरी शब्दांची कार्डं करायला घेतली.

जाड पुठ्ठ्याची लांबट कार्डं. वरच्या कडेला ओळीने सव्वीस भोकं, ए पासून झेडपर्यंत. प्राध्यापकांनी निळ्या शाईने मधोमध शब्द लिहायचा. बारकीने त्या शब्दातल्या अक्षरांची भोकं कात्रीने कडेपर्यंत कापून उघडी करायची, म्हणजे तिथे खाच पडे. मग कार्डांचा गठ्ठा नीट जुळवून, हव्या त्या अक्षराच्या भोकातून आईची विणायची सुई आरपार घालायची आणि उचलायची. ज्या शब्दांत ते अक्षर नाही ती कार्डं सुईला लटकून राहत. ज्यांत आहे त्यांची खाच मोकळी, ती घसरून खाली पडत. पडलेली पुन्हा जुळवायची, पुढच्या अक्षरातून सुई. बारकी सुई उचलली की तीन झटके द्यायची. "चिकटून बसलेल्यांना उतरवायला लागतं, बाबा. बसमध्ये असतात ना तसे."

ती डावखुरी होती. तिच्या खाचा डावीकडे झुकत. प्राध्यापकांनी कधी तिच्या गैरहजेरीत एखादी पाडली तर ती उजवीकडे कलायची, आणि पोरगी बरोबर ओळखायची. "हे तुमचं काम नव्हे. शब्द तुम्ही लिहायचा, खाचा मी पाडायच्या."

त्या खेळात दोन कोऱ्या सोंगट्याही असतात. त्यांवर अक्षर नसतं, आपण म्हणू ते अक्षर त्या होतात. बारकी त्यांना 'मुकी' म्हणायची. तिच्या वाट्याला मुकी आली की ती नाव घेत नसे, नुसतं ओठांवर बोट ठेवून डोळे मिचकावायची, आणि मग तिच्या चेहऱ्यावरूनच सगळ्यांना कळायचं. पण त्या दोन्ही सोंगट्या ती बारा वर्षांची असतानाच कुठे घरंगळल्या त्या गेल्याच. पुढची चौदा वर्षं त्यांच्याशिवायच खेळ झाला. त्या होत्या हेही प्राध्यापक विसरून गेले.

हॉस्पिटलात तिच्यापाशी जो पट होता, तो तिच्या आईने तिथल्याच दुकानातून आणलेला. मिटता येणारा, चुंबकाच्या सोंगट्यांचा. प्राध्यापकांनी तो पाहिला नव्हता. पाहणार कुठून? हॉस्पिटलातून परत आलेली पिशवी कपाटावर गेली. ती कोणी सोडली नाही.

३

बारकीला जाऊन अकरा महिने झाले होते.

"अहो, कातरकाम परत सुरू केलंत वाटतं?" एका सकाळी बारकीची आई केरसुणी हातात धरून अभ्यासिकेच्या दारात उभी राहिली.

"नाही बुवा. का?"

"मग हे काय उंदरांनी केलं?" तिने सुपली पुढे केली. धुळीत पुठ्ठ्याचे सहा कपटे होते. नखाएवढे, तिरपे कापलेले. खाच पाडताना निघतात तसले.

प्राध्यापक म्हणाले, "जुने असतील. कपाटाखालून आले असतील."

"कालच तर कपाट सरकवून झाडलं मी."

ती गेली. कपटे तिने टाकले नाहीत, एका वाटीत ठेवून वाटी टेबलावर ठेवली. का, ते ती बोलली नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. त्या घरात अकरा महिने असंच चाललं होतं. दोघं एकमेकांना जपत होती, आणि जपता जपता बोलेनाशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सुपलीत सात कपटे आले. तिसऱ्या दिवशी सात.

४

रोज दुपारी चार वाजता प्राध्यापक ती सहा अक्षरं घेऊन बसत. हा त्यांचा नेम झाला होता. एचमधून सुई, केमधून सुई, अशा सहा वेळा. हजारो कार्डांतून शेवटी चारच खाली उरत, आणि ती त्यांना पाठ होती. किचन, थिकन, थिकर, थिकेट. एक स्वयंपाकघर, एक दाट करणं, एक जास्त दाट, एक झाडांची दाटी. सातवं अक्षर एन असेल तर पहिले दोन चालतील, आर असेल तर तिसरा, आणखी एक टी असेल तर चौथा. पी किंवा डब्ल्यू असेल तर एकही नाही. तिला हवा होता तो शब्द यांतला कुठला, की यांतला नव्हेच, या एका प्रश्नापाशी येऊन ते रोज थांबत आणि पेटी बंद करत.

कपटे दिसल्यापासून दोन दुपारी त्यांनी पेटी उघडली नव्हती. त्या तिसऱ्या दुपारी खाली सात कार्डं पडली.

चार त्यांची. तीन कोरी.

त्यांनी ती उजेडात धरली. एकावर त्याच सहा अक्षरांच्या सहा खाचा. दुसऱ्यावर त्या सहा, अधिक ए. तिसऱ्यावर त्या सहा, अधिक बी. कडा ताज्या, पांढऱ्याफेक. शब्द कुठेच नाही. शब्दाची जागा मोकळी. आणि सगळ्या खाचा डावीकडे झुकलेल्या.

सवयीप्रमाणे त्यांची बुद्धी कामाला लागली. कार्डं जुनी असू शकतात, पुठ्ठा पेटीत राहिला की पिवळा पडत नाही. कोरी कार्डं शिल्लक होतीच, बारकीने कधीतरी चाळा म्हणून कापली असतील. नेमकी तीच सहा अक्षरं? योगायोगाची शक्यता किती, हे त्यांनी कागदावर काढायला घेतलं आणि अर्ध्यात पेन खाली ठेवलं.

कोरी कार्डं ते पेटीबाहेर वेगळी काढून ठेवू लागले. चौथ्या दिवशी आलेल्या कार्डावर सातवी खाच डीची होती. सी आधीच सहांत होता, म्हणून वगळलेला. पाचव्या दिवशी एफ. मग जी, मग जे. कोणीतरी त्या सहा अक्षरांशेजारी एकेक अक्षर ठेवून बघत होतं, अगदी पद्धतशीर, त्यांनीच शिकवलं होतं तसं. शब्द मात्र लिहीत नव्हतं. शब्द लिहिणं हे त्याचं काम नव्हतं.

५

"तूच करतेस का हे?" एका दुपारी त्यांनी चहा पिता पिता विचारलं.

बारकीची आई त्यांच्याकडे बघत राहिली. "मला वाटत होतं तुम्ही करताय. म्हटलं, करू देत. कशात तरी मन रमतंय."

"मला डाव्या हाताने कात्री धरता येत नाही. करून पाहिलं, कार्ड फाटलं."

"मला तर उजव्यानेही येत नाही," ती म्हणाली. "शाळेत माझी पतंगाची शेपटी बाईच कापून द्यायच्या."

दोघांना हसू आलं, आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदाच हसतोय हे ध्यानात येताच दोघं थांबली.

विस्मरणाच्या डॉक्टरीणबाईंकडे ते तिला न सांगता गेले. माणूस स्वतःच एखादी गोष्ट करतो आणि साफ विसरतो, असं होतं का, हे त्यांना विचारायचं होतं. बाईंनी त्यांना घड्याळ काढायला लावलं, तारीख विचारली, आणि एका मिनिटात एफने सुरू होणारे जमतील तेवढे इंग्रजी शब्द सांगा म्हणाल्या.

"सर, बास," थोड्या वेळाने बाई हसून म्हणाल्या. "मिनिट केव्हाच संपलं. माझेसुद्धा इतके झाले नसते." मग हसू आवरून त्यांनी कागद मिटला. "तुम्हाला काही झालेलं नाही. मुलगी गेलीय, तेवढंच."

तेवढंच, हा शब्द चघळत ते चालत घरी आले. काही झालेलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटायला लागलं. आजाराला औषध तरी असतं.

घरी येऊन त्यांनी कात्री कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप घातलं, किल्ली बारकीच्या आईच्या हातात दिली. तिने ती मुठीत घट्ट धरली.

दुसऱ्या सकाळी सात कपटे होते.

६

वीस अक्षरं तपासायची होती, त्याला वीस दिवस. शेवटचं झेड. त्या दिवशी चार वाजता प्राध्यापक अभ्यासिकेत गेले नाहीत. तिचं दार लोटून घेऊन स्वयंपाकघरात बारकीच्या आईसमोर बसले. भिंतीवरचा फोन दोघांच्या मधोमध होता.

आतून आवाज आला. कट्.

तिचा कप ओठांपाशीच थांबला.

कट्. कट्.

"पाइप असेल," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "वरच्यांकडे काम चाललंय."

"हो. पाइपच."

सात वेळा झालं. दोघंही मोजत होती, आणि मोजत नसल्यासारखं दाखवत होती. मग कार्डं जुळवताना टेबलावर आपटतात तो आवाज. बारकीच्या आईने कप खाली ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले आणि मान न वळवता म्हणाली, "तुम्ही जा. मी हॉस्पिटलात सगळा वेळ होते. मला नाही बोलावत ती."

अभ्यासिकेचं दार चार बोटं उघडं होतं. ते मघाशी त्यांनी लावून घेतलं होतं. निदान त्यांना तसं वाटत होतं.

फटीतून टेबलाचा कोपरा दिसत होता आणि खिडकीतून येणारं दुपारचं ऊन. उन्हात विणायची सुई आडवी होती, हवेत, टेबलापासून वीतभर वर, कार्डांचा घोस लटकलेला. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा हात जिथे येईल तेवढ्याच उंचीवर. सुईने एक झटका घेतला. दुसरा. तिसरा. चार कार्डं घसरून टेबलाच्या अलीकडच्या कडेला आली, दाराच्या बाजूला, निळी अक्षरं त्यांच्याकडे करून. उरलेला घोस अलगद खाली टेकला.

खुर्चीपाशी ऊन नीट पडत नव्हतं. तिथे काही होतं असं ते कधीच म्हणू शकले नाहीत. एवढंच की मागच्या भिंतीवर उन्हाचा जो तुकडा रोज पडे, त्यातला थोडा त्या दिवशी नव्हता.

करायचं होतं ते अगदी थोडं होतं. दार ढकलायचं, चार पावलं जायचं, एक कार्ड उचलून पुढे करायचं. कार्ड माझ्या हातात हवं, ती म्हणाली होती. त्यांनी उंबऱ्यावर पाऊल ठेवलंही. मग त्यांना वाटलं, चारांतलं कुठलं? चुकीचं दिलं तर? इतके दिवस बसून, एवढं शोधून ती इथवर आली, आणि बापाने चुकीचा शब्द हातात ठेवावा?

"बारके," ते म्हणाले. "सातवं कुठलं, तेवढं सांग. सातवं."

खुर्चीच्या वरच्या बाजूला, बसलेल्या माणसाचा चेहरा जिथे असेल तिथे, काहीतरी उभं झालं. बारीक, सरळ. दुसरी सुई असेल असं त्यांना वाटलं. ते तसंच राहिलं, बराच वेळ, उत्तर देऊन झालेल्या माणसाने वाट बघावी तसं.

त्यांना काही कळलं नाही. पाय पुढे होईना. हॉस्पिटलच्या व्हरांड्यातला तोच जडपणा.

"उद्या," ते पुटपुटले. "उद्या नक्की."

सहा वाजेपर्यंत ते दारात उभे होते. मग ऊन उतरलं, भिंतीवरचा तुकडा सारखा झाला, आणि सुई टेबलावरून घरंगळून जमिनीवर पडली.

झेडचे सात कपटे बारकीच्या आईने त्याच संध्याकाळी गोळा केले. दुसऱ्या सकाळी ती सुपली घेऊन आली. सुपलीत नुसती धूळ होती. त्या दिवसापासून ती रोज त्या खोलीचा केर दोनदा काढायची, सकाळी एकदा आणि चारनंतर एकदा. एकही कपटा मिळाला नाही.

७

नऊ वर्षांनी घराला रंग द्यायचा निघाला, तेव्हा रंगाऱ्याने कपाटावरची पिशवी खाली काढून विचारलं, "काका, ही टाकायची का?"

बारकीच्या आईने ती त्याच्या हातातून घेतली. दोघं स्वयंपाकघरात बसली. टॉवेल, कंगवा, लोकरीची टोपी. तळाशी रबर लावलेला तो मिटता पट. प्राध्यापकांनी तो आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

"नवाच होता," ती म्हणाली. "सोंगट्या सगळ्या होत्या, दोन्ही मुक्यासुद्धा. काय खूश झाली होती. म्हणाली, इतक्या वर्षांनी भेटल्या."

प्राध्यापकांचा हात रबरावरच थांबला.

"त्या दिवशी फोनवर तुम्हाला अक्षरं सांगत होती ना," ती सांगत होती, टोपीवरून हात फिरवत, "तर शेवटी असं ओठांवर बोट ठेवलं तिनं. लहानपणी करायची तसं. हसत होती. मी म्हटलंही, अगं, फोनवर दिसतं थोडंच. तर म्हणे, बाबांना कळतं."

"तू मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं कुठे? तुम्ही त्या दिवसाचं कधी काही विचारलंत?"

त्यांनी रबर काढलं. चुंबकांमुळे सगळं जिथल्या तिथे होतं. तिच्या पट्टीवर सात सोंगट्या होत्या: एच, के, टी, ई, सी, आय, आणि शेवटी एक, जिच्यावर काहीच नव्हतं.

ते उठून अभ्यासिकेत गेले आणि ती चार कार्डं घेऊन आले. म्हातारा माणूस, आठवणीवर भरवसा नाही, म्हणून प्रत्येक कार्ड पट्टीशेजारी ठेवून त्यांनी सोंगट्या एकेक करून लावून पाहिल्या, कोरी कधी एन, कधी आर, कधी टी समजून. किचन लागला. थिकन लागला. थिकर लागला. थिकेट लागला.

चारांतला कुठलाही चालला असता.